दोन फाळांचा नांगर स्वस्तात मिळतोय? आधी ट्रॅक्टरचं वजन बघा

भाताची झोडणी उरकली की महाड-पोलादपूरच्या बाजूला जुन्या अवजारांचे फोटो मोबाईलवर फिरायला लागतात. त्यात पलटी नांगर हमखास असतो. बहुतेक वेळा तो घाटावरचा, उसाच्या रानात राबलेला. मालकाने मोठा ट्रॅक्टर घेतला, म्हणून आता विकायला काढलेला. किंमत ऐकून हात शिवशिवतात. पण हिरकणीवाडीसारख्या गावात खाचरं रायगडाच्या पायथ्याला टप्प्याटप्प्याने उतरत गेलेली, आणि दारात असलाच तर १५ ते २५ एचपीचा मिनी ट्रॅक्टर. तिथे हा नांगर बहुधा कुडाला टेकून गंजत पडतो.

एचपीचा आकडा इथे फसवतो. नांगर ओढला जातो तो चाकांच्या पकडीवर, आणि पकड येते ट्रॅक्टरच्या वजनातून. स्वराज ७१७ हा १५ एचपीचा, फक्त मागच्या चाकांवर ओढणारा ट्रॅक्टर साधारण ८५० किलोचा आहे. असा ट्रॅक्टर घट्ट, कोरड्या जमिनीवर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, म्हणजे पावणेतीनशे-तीनशे किलोचा जोर लावू शकतो. आता नांगराची बाजू बघा. फाळाची रुंदी गुणिले खोली गुणिले मातीचा विरोध, एवढाच हिशेब. मध्यम चिकण मातीला दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो विरोध धरा. १२ इंची, म्हणजे ३० सेंटिमीटरचा फाळ १५ सेंटिमीटर खोल घातला, तर ३० × १५ × ०.५ = २२५ किलो. एकाच फाळाला ट्रॅक्टर जवळपास संपला. दोन फाळांना ४५० किलो लागतात, ते आणायचे कुठून? गंमत म्हणजे २२५ किलो ओढत ताशी ३ किलोमीटर चालायला अडीच एचपीच लागतात. इंजिन दमत नाही, चाकं जागेवर फिरतात आणि टायर झिजतात.

म्हणून १५ एचपीला १० इंची एक फाळ पुरे. चारही चाकांवर ओढणारा २० ते २७ एचपीचा ट्रॅक्टर असेल तर १२ इंची एक फाळ चालेल. हलक्या, वाफशावरच्या मातीत लहान दोन फाळही चालतील, पण उथळच. मात्र ८ इंची फाळ घेताना टायरची रुंदी मोजा. नांगरताना एका बाजूचं चाक आधीच्या तासात चालतं. टायर ८.३ इंची आणि तास ८ इंची, असं झालं की नांगरलेली माती चाकच पुन्हा दाबत जातं.

वजनाची दुसरी बाजू उचलण्याची. मिनी ट्रॅक्टरच्या माहितीपत्रकात उचलक्षमता ७५०-७८० किलो लिहिलेली असते आणि विक्रेता तेच बोट ठेवून दाखवतो. हा आकडा खालच्या लिंकच्या टोकाशी मोजलेला असतो. नांगराचं वजन त्याच्याही बरंच मागे असतं. हायड्रोलिकने तीनशे किलोचा नांगर उचललाही, तरी बांध चढताना पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. आपल्याकडच्या चढणीवर हा धोका कागदावरचा नाही. मिनी ट्रॅक्टरला दीडशे किलोच्या आतला नांगर बघा आणि तरीही पुढे वजनं लावा.

आता जोडणी. लहान ट्रॅक्टरची जोडणी कॅटेगरी एकची असते: खालच्या पिना २२ मिलिमीटर, टोपलिंकची पिन १९. घाटावरच्या मोठ्या नांगराची बऱ्याचदा कॅटेगरी दोन असते, तिथे खालची पिन २८ आणि वरची २५. नांगराची पिन बारीक आणि ट्रॅक्टरचा गोळा मोठा असेल तर बुश घालून काम भागतं. उलट असेल, म्हणजे जाड पिन लहान गोळ्यात बसवायची असेल, तर पिनाच बदलाव्या लागतात. दोन खालच्या पिनांमधलं अंतरही टेपने मोजा. कॅटेगरी एकला ते सुमारे ६८ सेंटिमीटर, दोनला ८२. अगदी छोट्या ट्रॅक्टरना कॅटेगरी एकचीच अरुंद जोडणी असते, ती आणखी आखूड. पिना नुसत्या फाकवून बसवल्या तर लिंक टायरला घासते.

‘हायड्रोलिक पलटी’ असेल तर ट्रॅक्टरला मागे तेलाचं जादा कनेक्शन आहे का ते आधी बघा. पुष्कळ मिनी ट्रॅक्टरना ते नसतं. नंतर बसवायचं म्हटलं तर नांगराच्या स्वस्ताईतला फायदा तिथेच जातो. हाताने किंवा लिव्हरने पलटणारा साधा नांगर आपल्याला बरा. पण पलटी हवाच. एका बाजूला माती टाकणाऱ्या नांगराने खाचरात मधोमध चर आणि कडेला वरंबा उरतो, मग पाणी सारखं बसत नाही. वरकस उतारावर पलटी नांगराने दोन्ही फेऱ्यांत माती वरच्या अंगाला टाकता येते.

खोलीचा हट्ट धरू नका. उसाला फूटभर नांगरट लागते, भाताला नाही. वर्षानुवर्षांच्या चिखलणीने खाचराच्या तळाशी जो घट्ट थर बसलेला असतो, तोच पाणी धरून ठेवतो. तो फोडला की लावणीनंतर पाणी खाली उतरतं. शिवाय जांभ्याच्या पातळ जमिनीत खोल गेलात की मुरूम वर येतो. बारा ते पंधरा सेंटिमीटर पुष्कळ झाले. आणि बांधापासून फाळ हातभर आत ठेवा.

नांगर बघायला जाल तेव्हा नवा रंग बघून भुलू नका. रंगाखाली वेल्डिंगचे टाके असतात. फाळ, बार आणि पंख झिजले तरी बदलता येतात, त्यासाठी फक्त किंमत पाडून घ्यायची. वाकलेला दांडा आणि ज्यावर फाळ बसतो त्या बुडाला गेलेली चीर मात्र सोडून द्यावी. पंखावर हातोडीने टकटक करा. पातळ झालेला पत्रा आवाजावरून कळतो. पलटण्याच्या खिळीत किती खेळ आहे ते दोन्ही हातांनी हलवून बघा. भोकं अंडाकृती झाली असतील तर नांगर सरळ तास धरणार नाही. सपाट फरशीवर ठेवल्यावर फाळाचं टोक आणि बाजूपट्टीची टाच टेकली पाहिजे, मध्ये काडी जाईल एवढी फट राहिली पाहिजे. ती फट नसेल तर नांगर जमिनीत शिरत नाही, वरवर घसरतो. आपल्या धोंड्यांच्या रानात तुटून जाणारा बोल्ट, म्हणजे शिअर बोल्ट, आहे का तेही बघा. तो नसला की धोंडा लागल्यावर दांडा वाकतो.

पैशाचं बोलू. आधी नव्या नांगराचं आजचं कोटेशन घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून नांगरावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुन्या बिलाचा आकडा दाखवून कोणी किंमत सांगत असेल तर ती आता लागू नाही. खालची किंमत भंगाराची: वजन गुणिले तुमच्याकडचा लोखंडाचा दर. या दोन टोकांच्या मध्ये भाव करायचा, आणि माझ्या मते नव्याच्या निम्म्याच्या वर जायचं नाही.

रीत दाखवण्यापुरते आकडे घेऊ. तुमचे तुम्ही भरा. समजा नवा ४०,००० रुपयांचा, जुना २०,००० ला ठरला. फाळ, बार, बोल्ट ३,०००. पिना आणि बुश १,०००. वेल्डिंग १,५००. घाटावरून टेम्पो ५,०००. झाले ३०,५००. टेम्पो पावसाआधी ठरवा, कारण पावसाळ्यात वरंधा घाटाचा भरवसा नसतो आणि लांबच्या वळशाचं भाडं वाढतं. आता दुसरीकडे बघा. महाडीबीटीवर कृषी यांत्रिकीकरणातून नव्या अवजाराला अल्प-अत्यल्प भूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना ५० टक्के, इतरांना ४० टक्के अनुदान आहे, ठरवून दिलेल्या मर्यादेत. मर्यादेत बसला तर तोच नवा नांगर ५० टक्के अनुदानावर २०,००० ला पडतो, म्हणजे जुन्यापेक्षा स्वस्त. अट एवढीच की आधी अर्ज, मग पूर्वसंमती, त्यानंतरच खरेदी. जुन्याला अनुदान नाही. आणि समोरच्याने स्वतः अनुदानावर घेतलेला नांगर मुदतीआधी विकायला काढला असेल, तर त्या व्यवहारात पडू नका. नांगराला आरसी बुक नसतं, म्हणून तारीख-सहीची पावती आणि नंबरप्लेटचा फोटो घ्याच.

शेवटचा प्रश्न: घ्यायचा तरी कशाला? १२ इंची एक फाळ ताशी ३ किलोमीटरने कागदावर तासाला ९ गुंठे करतो. खाचरात निम्मा वेळ वळण्यात जातो, म्हणजे साडेचार गुंठे. एकराला नऊ तास, वर्षातून फार तर दोन दिवसांचं काम. दिवसाला ५०० रुपये भाड्याने नुसता नांगर मिळत असेल तर ३०,५०० रुपयांत ६१ दिवसांचं भाडं निघतं. वर्षाला दोन दिवस धरले तर तीस वर्षं. चिखलणी तर रोटाव्हेटरने किंवा पॉवर टिलरनेच होते, तिथे नांगराचं काम नाही.

तेव्हा एक-दीड एकरवाल्याने नांगर भाड्याने आणावा, नाहीतर वाडीतल्या चार घरांनी मिळून एक घ्यावा. घ्यायचंच ठरलं तर स्वतःचा ट्रॅक्टर, निदान त्याच मॉडेलचा कोणाचा तरी, जोडून विक्रेत्याच्या रानात दोन फेऱ्या मारल्याशिवाय इसार देऊ नका. तो ‘वेळ नाही’ म्हणाला तर सरळ घरी या.