शंभर शब्दांची गोष्ट

अहिल्यानगर शहराच्या उत्तरेस, मनमाडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांस सावेडी हे उपनगर पसरलेले आहे. जिल्ह्याच्या निरनिराळ्या तालुक्यांतून नोकरीसाठी व शिक्षणासाठी आलेली कितीतरी कुटुंबे येथे स्थायिक झाली आहेत. अशाच एका कुटुंबातील, आठवीत शिकणारी एक मुलगी आपण क्षणभर डोळ्यांपुढे आणू. तिचे आजोळ पाथर्डी तालुक्यातील एका लहानशा खेड्यात आहे. गोष्टी वाचण्याचा तिला मोठा नाद. एके दिवशी संध्याकाळी तिच्या मैत्रिणीचा निरोप घरच्या मोबाइलवर आला: ‘आपल्या मंडळींनी गोष्टींची स्पर्धा ठेवली आहे. गोष्ट बरोबर शंभर शब्दांची हवी. बक्षीस काही नाही. सर्वांनी सर्वांच्या गोष्टी वाचायच्या आणि काय आवडले, काय खटकले, ते मोकळेपणाने लिहायचे. मुदत रविवारपर्यंत.’

मुलीला हसू आले. शंभर शब्द म्हणजे वहीचे एक पानही नव्हे! इतके तर बसल्या बैठकीला लिहून होईल, असे तिला वाटले.

विषयही तिच्या मनात तयार होता. दिवाळीनंतर पाथर्डीच्या परिसरातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी दूरच्या साखर कारखान्यांच्या भागांत जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. पुष्कळदा मुलांनाही बरोबर न्यावे लागते. आजोळी गेली असता तिने अशी एक गाडी निघताना पाहिली होती. भांड्याकुंड्यांच्या ढिगाऱ्यावर तिच्याच वयाची एक मुलगी बसली होती, आणि तिच्या मांडीवर दप्तर होते.

मुलीने लिहावयास प्रारंभ केला. गावाचे वर्णन झाले, डोंगराचे झाले, गाडीचेही झाले. लिहून संपल्यावर तिने शब्द मोजले, तो ते दोनशे साठ भरले! आता एकशे साठ शब्द काढावयाचे कोठून? प्रत्येक शब्द तिला सारखाच लाडका वाटू लागला.

प्रथम तिने ‘अत्यंत’, ‘फारच’, ‘केविलवाणा’ अशी विशेषणे व क्रियाविशेषणे काढली. आश्चर्य असे, की त्यामुळे गोष्ट दुबळी न होता उलट नेटकी झाली. मग डोंगर गेला, गावही गेले. गोष्ट शाळेच्या वर्गात घडत होती. तेथे डोंगराचे काही काम नव्हते. अखेरीस उरले शेवटचे वाक्य: ‘मुलींचे शिक्षण असे मध्येच थांबावे, ही किती दुःखाची गोष्ट आहे!’ हे वाक्य मात्र तिला काढवेना. तिने सारी गोष्ट आजीला वाचून दाखविली. आजी म्हणाली, “अगं, हे तू सांगायच्या आधीच माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग पुन्हा कशाला सांगतेस?” मुलीने ते वाक्य खोडले. उरलेली गोष्ट अशी होती:

हजेरी

दिवाळीची सुट्टी संपली. शाळा उघडली, तेव्हा निम्मी बाके रिकामी होती. गुरुजींनी चौथीचा हजेरीपट उघडला व एकेक नाव पुकारले. बहुतेक नावांना उत्तर आले नाही.

‘यमुना!’ गुरुजी म्हणाले.

‘हजर!’ पहिलीच्या रांगेतून बारीक आवाज आला. यमुनेचा धाकटा भाऊ उभा होता.

‘अरे, यमुना तर आईबापांबरोबर ऊस तोडायला गेली ना?’

‘व्हय, गुरुजी.’

‘मग हजर कोण?’

मुलगा क्षणभर गप्प राहिला. ‘ताई जाताना म्हनली, रोज माझ्या नावाला हजर म्हन. न्हाईतर गुरुजी नाव काढत्यात.’

वर्गात कोणी हसले नाही. गुरुजींनी लेखणी उचलली, पुन्हा खाली ठेवली. खिडकीबाहेर धुळीच्या रस्त्यावर चाकांच्या खुणा अजून दिसत होत्या. त्यांनी हजेरीपटावरचे पुढचे नाव पुकारले.

दुसऱ्या दिवशी यमुनेच्या नावापाशी गुरुजी थोडे थांबले. मागून आवाज आला: ‘हजर!’

गुरुजींनी हजेरीपटावर काय लिहिले, हे गोष्टीत सांगितलेले नाही. पहिल्या मसुद्यात ते यमुनेला हजर मांडतात, असे मुलीने लिहिले होते. पण मग तिच्या ध्यानात आले, की खरी नोंद ठेवणे हेही गुरुजींचे कर्तव्यच आहे. त्यांच्या मनात कर्तव्य आणि करुणा यांची ओढाताण चालली आहे. तिचा निवाडा लेखिकेने करून टाकला, तर वाचकाला करण्यासारखे काहीच उरत नाही. लघुकथेतील न लिहिलेला भागही असा कथेचाच भाग असतो. मात्र तो वाचकाला सापडेल, एवढी खूण लेखकाने मागे ठेवावी लागते. येथे खाली ठेवलेली लेखणी ही ती खूण होय.

थोडक्यात गोष्ट सांगण्याची ही कला मराठीला नवी नाही. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी आपले विचार लहान लहान दृष्टांतांतून समजावून देत. केसोबासांनी असे ११४ दृष्टांत ‘दृष्टांतपाठा’त एकत्र केले. हत्तीचा एकेक अवयव चाचपून त्यालाच सारा हत्ती समजणाऱ्या जन्मांधांची गोष्ट त्यांतच आहे. चक्रधरांच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ रचणारे म्हाइंभट हे तर याच जिल्ह्यातील सराळे गावचे मानले जातात. त्यांच्या ग्रंथातील कित्येक लीळा अवघ्या काही वाक्यांत संपतात; तरीही माणसे त्यांत जिवंत उभी राहतात. विसाव्या शतकात शंकर काशिनाथ गर्गे, म्हणजेच ‘दिवाकर’, यांनी पान-दोन पानांच्या नाट्यछटा लिहिल्या. त्यांत एकच पात्र बोलते. समोरच्याचे बोलणे वाचकाने ताडावयाचे असते. वि. स. खांडेकरांच्या रूपककथाही थोडक्यात मोठा आशय सांगतात. बंगालीत, व्यवसायाने डॉक्टर असलेल्या ‘बनफूल’ यांनी पानभराच्या कथांनी वाचकांना वेड लावले.

शब्दसंख्येचे काटेकोर बंधन मात्र अलीकडचे आहे. १९८०च्या दशकात इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठातील विज्ञानकथाप्रेमी मंडळींनी नेमक्या शंभर शब्दांच्या कथेचा खेळ सुरू केला. संगणक आणि मोबाइल हाती आल्यावर मराठी मंडळीही त्यात रमली. १९९६ साली सुरू झालेल्या ‘मायबोली’ या संकेतस्थळावर गणेशोत्सवातील उपक्रमांत शतशब्दकथांनाही स्थान मिळाले आणि देशोदेशींच्या मराठी माणसांनी त्या लिहिल्या. ‘शतशब्दकथा’ या नावाचे लाडके रूप झाले ‘शशक’. शशक म्हणजे ससा. अंगाने लहान, पायाने चपळ आणि दिसता दिसता नाहीसा होणारा! या कथेला याहून शोभणारे नाव क्वचितच सापडेल. याहूनही लहान, दोन-चार ओळींच्या अतिलघुकथेला ‘अलक’ म्हणतात.

आता पुन्हा सावेडीकडे वळू. रविवारी रात्रीपर्यंत मैत्रिणींच्या त्या मेळाव्यात अकरा गोष्टी जमल्या. एक हसविणारी होती, एक भुताची होती, एकीत शब्द एकशे चार भरले होते. ‘हजेरी’विषयी एका मुलाने लिहिले, ‘शेवट अपुरा वाटतो.’ मुलीला वाईट वाटले. आपल्या मनात काय होते, हे समजावून देण्यासाठी तिने लांबलचक उत्तर लिहिले. पण पाठविण्यापूर्वी तिला आजीचे बोलणे आठवले. जे गोष्टीने सांगितले नाही, ते पत्राने सांगून काय उपयोग? तिने उत्तर पुसले आणि त्या मुलाची गोष्ट पुन्हा एकदा लक्षपूर्वक वाचली. दोष दाखविणारा हा प्रतिस्पर्धी नसून वाचक आहे, ही जाणीव हाच स्नेहाच्या स्पर्धेचा मोठा लाभ होय.

सर्वांत शेवटी एक अभिप्राय आला. तो वर्गातील एका अबोल मुलीचा होता. तिची स्वतःची गोष्ट स्पर्धेत नव्हती. तिने दोनच वाक्ये लिहिली होती: ‘माझी आई चौथीतून अशीच ऊसतोडीला गेली. तिच्या नावाला हजर म्हणणारे मात्र कोणी नव्हते.’

सावेडीतील त्या मुलीने हा अभिप्राय आजीला वाचून दाखविला. आजी बराच वेळ काही बोलली नाही. शंभर शब्दांच्या गोष्टीला तेरा शब्दांचे उत्तर आले होते, आणि त्यात कमी करण्यासारखा एकही शब्द नव्हता.

स्वाध्याय

१. मुलीने आपल्या गोष्टीतून कोणकोणते शब्द व वर्णने काढली? त्यामुळे गोष्टीत कोणता फरक पडला?

२. गुरुजींनी लेखणी उचलून पुन्हा खाली का ठेवली असावी? तुमच्या शब्दांत लिहा.

३. ‘दोष दाखविणारा हा प्रतिस्पर्धी नसून वाचक आहे.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

४. तुम्ही पाहिलेल्या एखाद्या प्रसंगावर बरोबर शंभर शब्दांची गोष्ट लिहा. ती वर्गात वाचून दाखवा आणि मित्रांचे अभिप्राय शांतपणे ऐकून घ्या.