चिंध्यांची चित्रे : सुईदोऱ्याविना साधणारी कला

अमरावती-यवतमाळ मार्गावरील नेर परसोपंत हे कापसाच्या मुलखातील तालुक्याचे गाव. पेरणीपासून वेचणीपर्यंत येथील अनेक शेतकरी कुटुंबांचे वर्ष पऱ्हाटीभोवती फिरत असते. १०० किलो कापसातून सरकी वेगळी केली की रुई हाती येते ती सुमारे एक तृतीयांश. ही रुई बाहेरगावी जाते, तिचे सूत व कापड इतरत्र तयार होते आणि तेच कापड पुन्हा बाजारात विकावयास येते. कपडे शिवताना कात्रीखाली पडणारी चिंधी हा या लांबच्या प्रवासाचा अखेरचा टप्पा होय. ती बहुधा केरात जाते. वस्तुतः त्याच चिंधीपासून, शिलाई यंत्र वा सुई हाती न धरता, सुबक चित्रे घडविता येतात. जपानमध्ये ही कला ‘ओशिए’ या नावाने ओळखली जाते.

जपानची परंपरा

‘ओशी’ म्हणजे दाबणे आणि ‘ए’ म्हणजे चित्र. चित्राचा प्रत्येक भाग पुठ्ठ्यातून वेगळा कापावयाचा, त्यावर कापसाचा थर देऊन कापड ओढून घ्यावयाचे, कडा मागे चिकटवावयाच्या आणि सर्व भाग जुळवून उठावाचे चित्र उभे करावयाचे, अशी ही रीत आहे. एदो काळात (१६०३-१८६८) ती बहरली. नववर्षाच्या खेळातील ‘हागोइता’ नावाच्या लाकडी फळ्यांवर काबुकी नाटकांतील नटांची अशी चित्रे बसविली जात. टोकियोतील असाकुसा येथील सेन्सोजी मंदिराच्या आवारात दरवर्षी १७ ते १९ डिसेंबर या काळात या फळ्यांचा बाजार भरतो. खाचांमध्ये कापडाच्या कडा खोवून केलेली ‘किनुसाइगा’ ही चित्रेही बिनशिलाईचीच. मात्र त्यांसाठी बहुधा थर्माकोलसारखा फलक वापरतात. ओशिएला त्याची गरज नाही.

भारताचा कापूस आणि जपान यांचा संबंधही जुना आहे. १८९३ मध्ये मुंबई व जपान यांच्या दरम्यान जपानी कंपनीची नियमित जहाजवाहतूक सुरू झाली, ती प्रामुख्याने कापसासाठी.

चिंधीचा सन्मान महाराष्ट्रालाही नवा नाही. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेले संत गाडगे महाराज अंगावर चिंध्यांचे वस्त्र वागवीत. त्यामुळे लोक त्यांना ‘गोधडे महाराज’ही म्हणत. घरोघरीची गोधडी धावदोऱ्याने एकत्र येते. ओशिएमध्ये धावदोऱ्याचे काम घडी आणि खळ करतात, एवढाच काय तो फरक.

साहित्य

वहीचा वा खोक्याचा पुठ्ठा, पिंजलेला कापूस, चिंध्या, कात्री, पेन्सिल, कागद आणि खळ एवढे साहित्य पुरते. मैद्याची खळ घट्ट शिजवावी. पातळ खळ तलम कापडातून वर येते व डाग पडतो. मैद्याला कसर लागते, म्हणून पुस्तकबांधणी करणारे खळीत चिमूटभर मोरचूद घालीत. परंतु मोरचूद विषारी आहे. मुले काम करणार असतील तर ते न घालता बाजारातील पांढरा गोंद वापरावा.

चिंध्या धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्याव्यात. सुती कापड घडी चांगली धरते. जॉर्जेटसारख्या कापडाचे धागे निसटतात. त्याच्या कडांना मागून खळीचा पातळ हात देऊन ती वाळू द्यावी व मग कापावे.

कृती : कापसाचे बोंड

पहिल्या पाठासाठी नेरच्या शिवारातील परिचित विषय घेणे सोयीचे. उमललेले बोंड, त्याच्या चार पांढऱ्या पाकळ्या, मागची वाळलेली टरफले, एक पान आणि देठ एवढेच चित्र असावे.

१. कागदावर चित्र पूर्ण आकारात काढून प्रत्येक भागाला क्रमांक द्यावा. त्याची दुसरी प्रत करावी. एक प्रत तळाच्या पुठ्ठ्यावर चिकटवावी. ती जुळणीचा नकाशा ठरते. दुसरीचे भाग कापून सुटे करावेत.

२. सुट्या भागांवरून पुठ्ठा कापावा. कापडाच्या जाडीसाठी पुठ्ठा कडेने सुमारे १ मिलिमीटर लहान ठेवावा, अन्यथा शेवटी भाग एकमेकांत बसत नाहीत.

३. पुठ्ठ्यावर कापूस पसरावा. मध्यभागी जाड, कडेला विरळ. पाकळ्यांना भरपूर, पानाला अगदी थोडा.

४. कापड पुठ्ठ्यापेक्षा चोहोबाजूंनी १ सेंटिमीटर मोठे कापावे. त्याची उलटी बाजू वर ठेवून तीवर कापसाची बाजू खाली येईल असा पुठ्ठा मांडावा. बाहेर वळणाऱ्या कडेला त्रिकोणी खाचा व आत वळणाऱ्या कडेला सरळ चिरा द्याव्यात. त्या पुठ्ठ्यापासून २ मिलिमीटर अलीकडे थांबाव्यात. टोकदार भागाचे टोक प्रथम दुमडावे.

५. खळ केवळ पुठ्ठ्याच्या मागील कडेला लावावी. समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने दुमडल्यास ताण सारखा राहतो व सुरकुती पडत नाही.

६. जुळणी मागून पुढे करावी : प्रथम देठ, मग पान, टरफले व शेवटी पाकळ्या. जी कड दुसऱ्या भागाखाली जाणार आहे ती दुमडू नये, सपाट सोडावी.

देठासाठी पऱ्हाटीची बारीक काडी तपकिरी चिंधीत गुंडाळता येते. पाकळ्यांना नव्या पांढऱ्याशुभ्र कापडापेक्षा जुन्या धोतराचे मऊ, किंचित पिवळसर कापड अधिक शोभते, कारण शेतातल्या कापसाचा रंग तसाच असतो. चित्र एक दिवस सावलीत वाळवावे. त्यावर वजन ठेवू नये, उठाव दबतो. चौकटीत बसविताना काच व चित्र यांत अंतर राखावे आणि ते उन्हात टांगू नये.

श्रमाचे मोल

शाळेच्या कार्यानुभवाच्या तासाला हा पाठ सहज घेता येतो. निवर्तलेल्या आजीच्या लुगड्याचा तुकडा जपून ठेवण्याचीही ही चांगली रीत आहे. ज्या भगिनीकडे शिलाई यंत्र नाही, ती भांडवलावाचून आरंभ करू शकते. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने राज्यात बचत गटांचे जाळे उभे केले आहे. अशा गटांत चिंध्या रंगाप्रमाणे निवडणे, कापणे, मढविणे व जुळविणे ही कामे वाटून घेता येतील.

मात्र या कलेतून मोठ्या मिळकतीची आशा दाखविणे योग्य होणार नाही. विक्री करावयाची झाल्यास एक पथ्य कटाक्षाने पाळावे. साहित्य जवळजवळ फुकट मिळते, म्हणून चित्रही स्वस्त, असा समज करणाऱ्याचाच प्रथम होतो. म्हणून प्रत्येक चित्राला लागलेले तास वहीत टिपावेत, गावातील मजुरीच्या दराने त्यांचा हिशोब करावा आणि त्याखाली किंमत आणू नये. कापूस पिकविणाऱ्या मुलखाला कच्चा माल विकून टाकल्यावर त्याचे पुढचे मोल दुसऱ्याच्या हाती जाते, याचा अनुभव आहे. निदान चिंधीच्या बाबतीत तरी हे मोल तिला रूप देणाऱ्या हाताकडे राहावे.