खोलीबाहेरचं लालबाग

ओंकार : मावशी, आमची एकांकिका लालबागच्या चाळीत घडते. पण सेटला पैसे नाहीत; एक खाट आणि एक स्टूल, बस्स. चाळ दिसणार कशी?

मावशी : बोलण्यातून. पु. ल. देशपांड्यांनी १९६१ साली 'बटाट्याची चाळ' रंगमंचावर आणली, तेव्हा गिरगावातली अख्खी चाळ एकट्यानं उभी केली.

ओंकार : वर्णनं करून?

मावशी : वर्णनं होतीच, पण खरं काम बोलींनी केलं. त्रिलोकेकर पाठारे प्रभूंच्या बोलीत बोलतात, एच्च. मंगेशराव कानडी वळणानं. गिरगावात अशी बिऱ्हाडं भिंतीला भिंत लावून राहत. म्हणून ती चाळ पुण्यातल्या वाड्याहून वेगळी ऐकू येते.

ओंकार : माझी आई म्हणते, "आपली ही दहा बाय बाराची जुनी खोली..."

मावशी : ते आधी काढ. स्वतःच्या घरात खोलीची मापं कोण सांगतं? तिला म्हणू दे, "हळू बोल, बाबा रात्रपाळी करून झोपलेत. अभ्यास गॅलरीत कर."

ओंकार : खोली एकच, बाप गिरणीत... सगळंच आलं की!

मावशी : आणि ती प्रेक्षकाला माहिती देत नाहीये, मुलाला दटावतेय.

ओंकार : भारतमाता टॉकीज, गणेशगल्ली, चिंचपोकळी, सगळं घातलंय मी.

मावशी : नुसती नावं पेरून भागत नाही रे. भारतमाताला कोण कुणाबरोबर गेलं, यावरून घरात भांडण होऊ दे; मग ती टॉकीज नाटकात आली. जयंत पवारांचं 'अधांतर' घे, १९९७ चं. धुरी कुटुंबाची एक खोली. बाहेर १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानं अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगारांचं आयुष्य उलटंपालटं केलेलं. एवढं कुठला रंगमंच पेलणार? पण ते सगळं त्या घरात शिरतं. एक मुलगा लेखक, एक क्रिकेटवेडा, एक गुंडगिरीत. कोण कमावतं, कोण बसून खातं, यावरून ती भावंडं एकमेकांना टोचतात, तेव्हा उद्ध्वस्त गिरणगाव समोर येतं. मला ते आपल्या नाटकातलं फार मोठं काम वाटतं.

ओंकार : पण परभणीच्या प्रेक्षकाला रात्रपाळी, गॅलरी कळेल?

मावशी : आईनं आवाज का उतरवला, ते कळेल. तेवढं धरून बाकीचं तो जोडून घेतो. शेक्सपिअरच्या काळी उघड्या नाट्यगृहात भर दुपारी प्रयोग व्हायचे. रात्र झाली हे पात्रांच्या बोलण्यावरून कळायचं, आणि लोक ती रात्र मानायचे. तू 'अधांतर' वाच. मनात नको, मोठ्यानं. मग तुझ्या आईची वाक्यं पुन्हा लिहायला घे.