नदीकाठचा साग आणि आतला पळस

प्रश्न : आमचं गाव वैनगंगेच्या काठाजवळ आहे. नदीला लागून जमीन उंच आहे आणि तिथं साग सरळसोट वाढतो. तिथून आत शेताकडे आलं की जमीन सखल होते, दिवाळीपर्यंत ओल हटत नाही. पण तिथं सागाचं झाड शोधून सापडत नाही. पळस, येन, कुठं बाभूळ. पाणी जास्त तिथं झाड मोठं व्हायला हवं ना? आणि नदीलगतची जमीन उंच, आतली सखल, हे उलटं कसं?
— एक वाचक, चामोर्शी तालुका, जि. गडचिरोली

उत्तर : प्रश्न दोन विचारलेत, पण त्यांचं मूळ एकच आहे. दुसऱ्यापासून सुरुवात करू.

पूर आला की नदी काठ ओलांडते. पात्रात वेगानं धावणारं पाणी काठावर आलं, गवता-झुडपांत शिरलं की एकदम मंदावतं. वेग गेला की वाहून आणलेला माल टाकावाच लागतो. जड रेती आणि भरड गाळ काठावरच पडतो, बारीक गाळ थोडा पुढं जातो आणि चिकणमातीचे कण संथ पाण्यासोबत पार आतपर्यंत जाऊन तिथं सावकाश बसतात. खळ्यावर उफणताना दाणा पायाशी पडतो आणि भूस लांब जातं, तसंच हे. दर पुराला काठावर भरड मालाचा एक थर चढतो आणि हजारो वर्षांत तिथं नैसर्गिक बांध तयार होतो. आतल्या बाजूला त्या मानानं थोडाच माल पोचतो, म्हणून ती जमीन सखल राहते. 2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला होता. असा पूर ओसरल्यावर शिवारात फिरून पाहावं : काठच्या शेतात रेती साचलेली असते आणि आतल्या शेतात मऊ गाळाचा थर, जो पुढं वाळून भेगाळतो.

म्हणजे जिथं नदी गाळ टाकत वाहते तिथं काठाची माती उंच आणि पोकळ, आतली सखल आणि घट्ट. आता साग.

मुळांना पाणी लागतं हे आपण सगळेच जाणतो. मुळांना हवाही लागते, हे मात्र विसरतो. मुळं श्वास घेतात, त्यांना प्राणवायू हवा असतो आणि तो मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून येतो. त्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की प्राणवायूची वाट बंद होते. हवेतून तो जितक्या वेगानं पसरतो त्याच्या दहा हजार पटींनी हळू पाण्यातून पसरतो. काठच्या रेताड पोयट्यात जोराचा पाऊस थांबला की मोठ्या पोकळ्यांतलं पाणी एक-दोन दिवसांत खाली उतरतं, हवा परत येते आणि बारीक पोकळ्यांत झाडापुरती ओल धरलेली राहते. आतल्या चिकणमातीत सगळ्याच पोकळ्या बारीक. पाणी अडकतं ते आठवडेच्या आठवडे. सागाची मुळं तिथं कुजतात किंवा वरच्या वीतभर थरातच पसरून राहतात. मग उन्हाळ्यात तो थर कडक वाळला की झाड दोन्ही बाजूंनी मार खातं. कन्हार, म्हणजे काळ्या चिकण जमिनीत तर उन्हाळी भेगा मुळं तोडूनही टाकतात.

धानाला मात्र हीच जमीन हवी असते. धानाच्या खोडात आणि मुळांत हवेच्या नळ्या असतात, त्यातून पानांकडची हवा मुळांपर्यंत पोचते. म्हणून बांधीत चिखलणी करून आपण मुद्दाम पाणी मुरू देत नाही. पूर्व विदर्भातले मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि बोड्या, म्हणजे छोटी तळीसुद्धा, पाणी न सोडणाऱ्या मातीवरच टिकले. जमीन वाईट नसते, कुणासाठी आहे ते पाहावं लागतं.

‘निचऱ्याची’ म्हणजे कोरडी असा गैरसमज करून घेऊ नका. कोरड्या, मुरमाड बरडीवर पाणी मुरतं खरं, पण थांबत नाही. तिथं साग जगतो, पण खुजा आणि वाकडा राहतो. त्याला खोल माती हवी, निचरा हवा आणि खाली कुठंतरी ओल हवी. नदीकाठ या तिन्ही गोष्टी देतो, कारण नदीचं पाणी काठाखालच्या भूजलाला ओल पुरवत असतं. शिवाय सागाला चुना भरपूर लागतो आणि फार आम्ल माती त्याला मानवत नाही.

या चुन्याच्या बाबतीत आपल्या दोन नद्या वेगळ्या आहेत. वर्धा नदी मुलताईजवळून निघते आणि काळ्या दगडाच्या, म्हणजे लाव्हाच्या प्रदेशातून येते; तिच्या गाळात चिकणमाती आणि चुना जास्त. वैनगंगा शिवनी जिल्ह्यातून निघून बराचसा प्रवास जुन्या ग्रॅनाइट-नाइस खडकांतून करते, म्हणून तिच्या गाळात गारेची रेती भरपूर. चपराळा अभयारण्याजवळ दोघी मिळतात आणि पुढं प्राणहिता होते. तिथून खाली सिरोंच्यापर्यंतच्या मातीत या दोन्ही नद्यांचा वाटा आहे, त्यात सिरोंच्याकडच्या गोंडवन वालुकाश्माची रेती मिसळते. हा सगळा पट्टा सागाचा म्हणून ओळखला जातो, त्यामागं हवामान आहे, पाऊस आहे आणि ही मातीही आहे. जुनं सागवन कसं दिसतं ते पाहायचं असेल तर आलापल्लीहून भामरागडच्या वाटेवरचं वनवैभव पाहा. 1953 पासून तो तुकडा राखलेला आहे आणि 2014 मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला.

तुमच्या शिवारात दिसतं तेच थेट अलास्कातल्या तनाना नदीच्या मैदानातही दिसतं. तिथंही काठच्या निचऱ्याच्या पोयट्यावर पांढरा स्प्रूस हे सूचिपर्णी झाड उंच वाढतं, आणि आतल्या दलदलीत काळा स्प्रूस बारका, खुरटा उभा असतो. फरक थंडीचा. तिथं शेवाळाची जाड गादी जमिनीवर चढते, उन्हाळ्यातही खालची माती गार ठेवते, आणि आत कायमचा बर्फ धरलेला असला की पाणी खाली जाऊच शकत नाही. पडलेली सुईपानं वर्षानुवर्षं कुजत नाहीत. आपल्याकडे वाळवी आणि पावसाळा मिळून सागाचा पाचोळा वर्षभरात बहुतेक संपवतात.

तो पाचोळा आहे तोवरच आपली माती पोकळ राहते, आणि हे मला फार कळकळीनं सांगायचं आहे. मोहफुलं वेचायला सोपं जावं, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून उन्हाळ्यात पाचोळा पेटवतात. आग पुढं सरकते आणि जंगलाची जमीन उघडी पडते. मग मृगाचे टपोरे थेंब थेट मातीवर आपटतात, बारीक कण पोकळ्यांत बसून वर पापुद्रा धरतो आणि पाणी मुरण्याऐवजी नाल्याकडे धावतं. ज्या निचऱ्याच्या जोरावर ते जंगल उभं आहे, तोच आपण वरून बुजवत असतो. मोहाच्या झाडाखाली पाचोळा झाडून बाजूला करणं कष्टाचं आहे, पण ते करण्यासारखं आहे.

शेवटी कामाचं. बांधीत किंवा सखल शेतात साग लावायचा विचार असेल तर श्रावण-भाद्रपदात पाऊस दोन दिवस उघडला की दीड-दोन हात खोल खड्डा खणा. खड्ड्यात पाणी साचून राहिलं तर तिथं साग नको. पाणी नसेल तर खड्ड्याच्या भिंती पाहा : माती तपकिरी किंवा लालसर असेल तर हवा खेळते आहे. राखाडी माती आणि त्यात नारिंगी ठिपके दिसले तर तिथं वर्षातले बरेच दिवस पाणी तुंबतं. लोहाला प्राणवायू मिळाला नाही की त्याचा लाल रंग जातो. अशा जागी कहू (अर्जुन), जांभूळ, करंज लावा. कहूच्या पानांवर कोशाचे (टसर रेशमाचे) किडे पोसतात आणि आरमोरीकडे तो धंदा चालतो, त्यामुळं झाड वाया जाणार नाही. सागाची रोपं मात्र काठच्या उंच जमिनीसाठी राखून ठेवा.