कॉल चंदगडचा, टॉवर कुणाचा?

व्हायव्हात ‘एनजीएन म्हणजे काय?’ असं विचारलं की आपण सगळे एका सुरात सांगतो, ‘नेक्स्ट जनरेशन नेटवर्क, सर!’ आणि पुढे गप्प. खरं तर याची व्याख्या आयटीयू-टीच्या डिसेंबर २००४ च्या वाय.२००१ या शिफारशीत आहे. लांबलचक आहे, पण गाभा एवढाच : सगळी वाहतूक पॅकेटमधून व्हावी, आणि सर्व्हिस ही ट्रान्सपोर्टपासून मोकळी असावी.

जुन्या नेटवर्कमध्ये या दोन गोष्टी एकमेकींना जखडलेल्या होत्या. कॉल चालू असेपर्यंत ६४ किलोबिटची एक वाट अडकून राहायची, दोन्हीकडची माणसं रुसून गप्प बसली तरी! पण म्हणून त्या नेटवर्कला नावं ठेवू नका. सी-डॉटचं १२८ लाइनचं ग्रामीण एक्स्चेंज जुलै १९८६ मध्ये सुरू झालं ते कित्तूरला, म्हणजे चंदगडहून बेळगाव ओलांडलं की पुढे धारवाड रस्त्यावर. एसीशिवाय चालणारं यंत्र होतं ते. सप्टेंबर २०२५ मध्ये बीएसएनएलचं स्वदेशी ४जी सुरू झालं, त्याचा कोअरही सी-डॉटचाच आहे.

सर्व्हिस मोकळी केली, पण मग कॉल सांभाळणार कोण? त्यासाठी ३जीपीपीने रिलीज ५ मध्ये आयएमएस आणलं आणि त्याची बोलीभाषा ठरली एसआयपी (जून २००२, आरएफसी ३२६१). ही भाषा वाचता येते, बरं का. हॉस्टेलच्या लॅनवर एका मशीनवर ॲस्टेरिस्क टाका, दोन मोबाइलवर सॉफ्टफोन घ्या आणि वायरशार्क उघडा. इनव्हाइट, रिंगिंग, ओके, ॲक... अख्खा कॉल डोळ्यांसमोर उलगडतो. चार लेक्चरचं काम एका रात्रीत होतं. फायबरवरचा लँडलाइन आणि हातातला मोबाइल एकाच आयएमएसला जोडता येतात ते या समान भाषेमुळे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं तेव्हा त्यांच्याकडे २जी नव्हतंच, साधा ‘हॅलो’सुद्धा आयएमएसमधून जात होता.

आता आमच्या चंदगडाकडे या. तालुका कोल्हापूर जिल्ह्याचा, बाजार बेळगावचा, आणि तिलारी घाट उतरला की गोवा जवळ. गंमत अशी की टेलिकॉमच्या नकाशात गोवा महाराष्ट्र सर्कलमध्येच येतो, पण बेळगाव कर्नाटक सर्कलमध्ये. म्हणजे गोव्यात गेलं तर सर्कल तेच, आणि शिनोळीहून बेळगावला भाजी आणायला गेलं की रोमिंग! पूर्वी इनकमिंगलाही पैसे पडायचे. हद्दीवरच्या गावात तर माणूस घरात आणि फोन पलीकडच्या टॉवरवर, असंही होतं.

साध्या कॉलला याने बिघडत नाही. टॉवर कुठलाही असो, आयएमएसमध्ये कॉलचा ताबा एस-सीएससीएफ या सर्व्हरकडे असतो आणि तो आपल्या होम नेटवर्कचा असतो. ११२ चं मात्र उलटं आहे. तो कॉल होमकडे जात नाही. जिथे फोन आहे तिथलंच नेटवर्क तो धरतं, ई-सीएससीएफकडे देतं, एलआरएफला ठिकाण विचारतं आणि त्या भागाच्या कंट्रोल रूमकडे पाठवतं. हे शहाणपणाचंच आहे. पुण्याचं सिम घेऊन दिल्लीत अडकलेल्या माणसाला पुण्याची पोलीस व्हॅन काय कामाची?

पण ‘ठिकाण’ म्हणजे बहुधा टॉवरचा सेल, माणसाचे पाय नव्हेत. पावसाळ्यात हद्दीवर साप चावलेल्या माणसासाठी घरच्यांनी ११२ लावला आणि फोन पलीकडच्या टॉवरवर असला, तर उचलणारा कर्नाटकातला असू शकतो. मग कॉल इकडे सोपवायचा, पुन्हा गाव सांगायचं, त्यात मिनिटं जातात. १०८ चंही तसंच : आकडे दोन्ही राज्यांत सारखे, रुग्णवाहिका सेवा वेगवेगळ्या. नंबर एक झाला म्हणजे सर्व्हिस एक झाली, असं समजू नका. म्हणून हद्दीवरून फोन करताना आधी राज्य आणि तालुका सांगा, मग गाव.

यावर उपाय आहे एएमएलचा, म्हणजे इमर्जन्सी कॉल लागताच फोन आपलं जीपीएस ठिकाण स्वतःहून कंट्रोल रूमला पाठवतो. युरोपात ईटीएसआयने त्याचं स्टँडर्डही केलं आहे. फायनल इयरला प्रोजेक्ट शोधणाऱ्यांनी हा विषय जरूर घ्यावा, आणि टेस्टिंगला शिनोळी फाट्यावर या. दोन राज्यांचे टॉवर एका जागी मिळतील.