दैनंदिन जीवनात कल्पकतेचे स्थान

कल्पकता हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर कवी, चित्रकार किंवा प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ उभा राहतो. आपण नोकरी करणारी, मजुरी करणारी, संसार रेटणारी माणसे. नवीन काही शोधून काढणे हे आपले काम नव्हे, अशी आपली पक्की समजूत असते. ही समजूत आपोआप झालेली नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या केवळ सांगितलेले काम करायला लावले, त्यांच्या मनात ती खोल रुजली आहे. परंतु ती खरी नाही. त्यासाठी दोन उदाहरणे पाहू. पहिले आपल्याच जिल्ह्यातले आहे.

अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. संकरित बियाणे आणि रासायनिक फवारणी आल्यापासून माणसे वरचेवर आजारी पडतात, असे त्यांना दिसू लागले. त्यांनी वाल, घेवडा, भात यांचे गावरान बी जमवून ते जपायला सुरुवात केली. पुढे बाएफ या संस्थेची साथ मिळाली आणि बियाणे बँक उभी राहिली. बी न्यायचे आणि पीक आल्यावर दुप्पट परत करायचे, हा तिथला नियम. मी बँकेत नोकरी करतो. ठेव, कर्ज, व्याज हे शब्द रोज माझ्या तोंडी असतात. पण बँकेचा व्यवहार बियाण्यालाही लावता येतो, हे मला कधी सुचले नसते. बी जुनेच होते, नवी होती ती जपण्याची आणि वाटण्याची रीत. २०२० च्या पद्मश्रीसाठी त्यांची निवड झाली.

दुसरे उदाहरण दूरचे, विदर्भातले आहे. पण ते आपल्याला अधिक लागू पडते. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तेथील दादाजी खोब्रागडे हे दलित समाजातील शेतकरी. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८३ साली त्यांच्या धानाच्या शेतात त्यांना पिवळसर रंगाच्या तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. अशा लोंब्या पूर्वीही कोणाच्या नजरेस पडल्या असतील. दादाजींनी मात्र त्या वेगळ्या काढल्या, जपून ठेवल्या, पुढच्या हंगामात निराळ्या पेरल्या आणि वर्षामागून वर्षे निवड करीत बी वाढवले. तांदूळ बारीक, उत्पन्न चांगले. बाजारात एका व्यापाऱ्याने त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळाचे नाव त्या धानाला दिले. तोच हा एचएमटी तांदूळ! आपल्यापैकी अनेकांच्या घरी तो शिजला असेल. पण तो कोणी शोधला, हे किती जणांना ठाऊक आहे?

१९९४ मध्ये कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणे नेले. १९९८ मध्ये ‘पीकेव्ही एचएमटी’ हे वाण प्रसारित झाले. आपल्याला त्याचे श्रेय आणि मोबदला मिळाला नाही, ही दादाजींची तक्रार अखेरपर्यंत राहिली. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांच्या कामाची दखल घेतली आणि २००५ साली राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. धानाच्या आणखी अनेक जाती त्यांनी विकसित केल्या. तरीही आर्थिक ओढाताण संपली नाही. जून २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

या दोन्ही उदाहरणांवरून कल्पकता जोपासण्याच्या चार सवयी सांगता येतील.

१) निरीक्षण : रोजच्या कामात जे वेगळे दिसते, अडते किंवा खटकते, तिथे थांबणे. ‘हे असेच चालायचे’ म्हटले की विचार संपला.

२) वेगळे काढणे : सुचलेली गोष्ट लगेच बाजूला जपून ठेवणे. लोंबी बाकीच्या धानात मिसळली की हरवली; विचारांचेही तसेच आहे.

३) करून पाहणे : लहान प्रमाणावर, परवडेल इतक्या खर्चात. दादाजींनी सगळी जमीन पणाला लावली नाही. प्रयोग फसला तर नुकसान थोडे, आणि शिकणे मात्र पुष्कळ.

४) नोंद : तारीख, काय केले, काय झाले, कोणी सुचवले, हे लिहून ठेवणे. शेतकऱ्याला आपल्या वाणाची नोंदणी करता यावी असा कायदा देशात २००१ साली झाला. दादाजींचे बियाणे त्याआधीच गावोगाव पसरले होते. बँकेत आम्ही म्हणतो, नोंद नसेल तर व्यवहार झालाच नाही. श्रमाचे आणि बुद्धीचेही तसेच आहे.

यातील ‘कोणी सुचवले’ याविषयी थोडे मनातले सांगतो. आमच्या काउंटरवर पेन्शनच्या दिवसांत म्हाताऱ्या माणसांची गर्दी होई. पैसे काढण्याची स्लिप भरता येत नसे, चुका होत, मी चिडत असे. आमच्या शिपायाने एकदा सहज सुचवले, “एक स्लिप मोठ्या अक्षरात भरून भिंतीला लावा ना!” मी तसे केले. चुका कमी झाल्या. साहेबांनी सर्वांदेखत माझे कौतुक केले, आणि मी गप्प राहिलो. ‘कल्पना यांची’ एवढे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. दादाजींची हकिकत वाचली तेव्हा मला ती भिंतीवरची स्लिप आठवली. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलापाशी मी त्या शिपायाचे नाव सांगितले. फार उशीर झाला होता, पण सांगितले. त्यानंतर तो आणखी दोन गोष्टी सुचवून गेला!

यावरून एक गोष्ट पटते. कल्पकता कमी असते असे नाही, ती ऐकून घेणारे कमी असतात. घरात मुलाने घड्याळ उघडून पाहिले तर लगेच रागावू नये. गृहिणीने उरलेल्यातून नवा पदार्थ केला तर तिचे नाव घेऊन दाद द्यावी. सोबत काम करणाऱ्याने काही सुचवले तर त्याचा हुद्दा पाहू नये.

प्रत्येक घरात किराणा आणि दुधाच्या हिशेबाची वही असते. तिचेच मागचे पान सुचलेल्या गोष्टींसाठी राखून ठेवावे. आजची तारीख घालावी आणि सुचवणाऱ्याचे नाव लिहावे. सुरुवात एवढ्यानेच होते.