रोज तेच, मग वहीत काय लिहायचं?

प्रश्न : निवृत्तीनंतर रोजनिशी लिहायला घेतली. पण घरात रोज तेच घडतं, आठवड्यातच विषय संपले. काय करावं? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : ‘तेच ते’ वाटणारं पुढच्या पिढीला ठाऊकच नसतं. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून प्रसिद्ध होऊ लागली. त्यात थोरामोठ्यांच्या गोष्टी आहेतच, पण वाचक रमतो तो घरातली भांडणं, पाहुणे आणि फजितीत. रमाबाई रानडे यांच्या 1910च्या आठवणींतही त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे यांच्या मोठेपणाइतकाच ठसतो तो रमाबाईंनी शिकू नये म्हणून घरातल्या बायकांनी केलेला जाच.

सोलापूरकराला तर विषयांचा तुटवडा पडायचं कारणच नाही. 1877 साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीत घरातलं कुणी कामाला होतं का? पाळी बदलली की जेवणाची वेळ कशी बदले? शेंगाचटणी उखळात कुटली जायची तेव्हा लसूण किती पडे, कडक भाकरी कशात साठवत, हुरड्याला कुणाच्या शेतावर जात, गड्ड्याच्या जत्रेत मुलांच्या हातावर किती पैसे ठेवत? ‘आज छान दिवस गेला’ या वाक्यापेक्षा भाजीचा भाव जास्त सांगतो, आणि माणसाचं नाव तर त्याहून जास्त.

रोज लिहिण्याचा हट्टही नको; आठवड्याला एक पान पुष्कळ. तारीख, वार आणि वर्ष मात्र पूर्ण लिहावं. पाणी लागल्यावर पसरणारी शाई टाळावी. वही ओलसर भिंतीला टेकवून ठेवू नये, कसर लागते.